सत्तर मिलिसेकंद

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज ऑफिसात एक नाव ऐकलं आणि हातातला चहा ओढणीवर सांडला.

आमचा अथर्व कंपनीचा मालक. वय एकोणतीस, मला 'वल्लरीताई' म्हणतो आणि कामं मात्र घरच्या सुनेला सांगावीत तशी सांगतो. फळ्यापाशी उभा राहून म्हणाला, "नवी मालिका! 'मुरलेले हात'. नाशिकचे जुने कलाकार. प्रत्येकाचे दीड-दीड मिनिटाचे सात भाग. सुरुवात तबल्यापासून, ढुंढिराज गुरुजी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चार लोकांत वाजवाव्या लागतात.

आमच्या 'तळहात' अ‍ॅपवरचे व्हिडिओ दिसतात, ऐकू येतात आणि हाताला लागतातही. पडद्यावर दार आपटलं की फोन हातात दचकतो. आई पोराला थोपटत असली की आपल्या तळव्यावर थोपटल्यासारखं होतं. हा कंप बसवायचं काम माझं. दिवसभर पडद्याकडे बघत पॅडवर बोटं चालवायची, की तेच ठोके लाखभर लोकांच्या हातात जातात. ही बोटं कुठे तयार झाली हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

ती याच ढुंढिराजांकडे तयार झाली. २००३ ची गुरुपौर्णिमा. पत्रिकेत माझं नाव छापलेलं, माझं पहिलं एकल वादन. दोन वर्षं रोज पाच तास घासत होते. आणि ऐन वेळी या माणसाने माइकवर सांगितलं, "वल्लरीऐवजी शेखर वाजवेल. मुलीच्या हातात पोळ्या लाटण्यापुरतं वजन असतं, तबल्यापुरतं नसतं." सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते. तेही हसले. चारचौघांत न हसून सांगतात कुणाला?

दुसऱ्या दिवशी तबला गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकला. परत कधी हात लावला नाही.

आता हे महाशय माझ्या टेबलावर येणार आहेत. येऊ देत की.

६ ऑगस्ट, बुधवार

पंचवटीतल्या त्यांच्या फ्लॅटवर चित्रीकरण झालं. कुंभाच्या नावाखाली सगळे रस्ते खणून ठेवलेत, पोचेपर्यंत तोंडात माती. दार त्यांच्या सुनेने, श्यामलावहिनींनी उघडलं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

गुरुजींनी मात्र नाही! शहात्तर वर्षांचे झालेत, दोन्ही कानांत यंत्रं. मी तबल्याच्या कडेला ती छोटी चकती चिकटवत होते. तिच्यातून प्रत्येक ठोका जसाच्या तसा नोंदला जातो. वहिनींनी माझं नाव सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "वल्लरी... हां हां! ती शांत मुलगी. लग्न ठरलं म्हणून क्लास सोडलास, नाही का?"

मी म्हटलं, "मी लग्न केलेलं नाही."

"वा, छान. मुलं किती?"

अथर्व गालातल्या गालात हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या वाक्याने माझी बावीस वर्षं खाल्ली, ते या माणसाच्या खिजगणतीतही नाही! मी याला रोज शिव्या घालत जगले आणि हा मला मनातल्या मनात लग्न लावून, मुलंबाळं देऊन मोकळा झालाय.

मग ते वाजवायला बसले. साधा तीनताल, सोळा मात्रांचा. सोळा मात्रा फिरून पुन्हा पहिलीवर येतात, ती सम. सगळं तिथे येऊन भेटतं. त्यांची सम अजून तशीच येते. घाई नाही, दाखवणं नाही, आल्यावर कळतं की आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रस्त्यांच्या धुळीने डोळ्यांची नुसती वाट लावली आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

चाचणी घेतली. वीस जणांना कंपाशिवाय व्हिडिओ दिला, वीस जणांना कंपासकट. कंप नसलेल्यांचा अंगठा तिसाव्या सेकंदाला पुढे सरकला. कंप असलेले शेवटपर्यंत थांबले. एक बाई तर संपल्यावरही फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "खोटं वाटेल तुम्हाला, पण ते माझ्याजवळ बसले होते." डोळ्यांनी बघितलेल्यावर लोक शंभर शंका काढतात, हाताला लागलेल्यावर एकही काढत नाहीत. सात वर्षं मी हेच बघते आहे.

संध्याकाळी पहिला भाग गुरुजींना दाखवायला गेले. त्यांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढून टाकली, फोन तळव्यावर ठेवला, वरून दुसरा हात झाकला आणि डोळे मिटले. पहिल्या समेला म्हातारा चक्क ओरडला, "अगं श्यामला, ही बघ! ही माझी सम!" चार वेळा लावायला लावलं.

मग मला म्हणाले, "चार वर्षं झाली, कान माझ्याशी खोटं बोलतात. यंत्रातून सगळं पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं. मी अंदाजाने वाजवतो, बाळ, कुणाला सांगू नकोस. पण हे माझ्या तबल्यातून आलंय. हे नाही खोटं बोलणार."

परतताना रिक्षा केली. द्वारका चौकाच्या कोंडीत अडकल्यावर एकटीच हसायला लागले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

केलं.

पहिला भाग स्वच्छ ठेवला. दुसऱ्या भागात सम वीस मिलिसेकंद मागे सरकवली. तिसऱ्यात तीस. चौथ्यात चाळीस. असं करत सातव्यात सत्तर. बाकी पंधरा मात्रांना हात लावला नाही. आवाज तोच, चित्र तेच. फक्त हाताला लागणारी सम उशिरा येते. भागागणिक थोडी थोडी जास्त, जसा खरंच एखाद्या म्हाताऱ्याचा हात ढिला पडत जावा.

सत्तर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा चौदावा भाग. डोळ्याची पापणीसुद्धा याहून जास्त वेळ घेते. पण तबलजीला तेवढा उशीर म्हणजे भर मांडवात धोतर सुटणं. आता बघू दे नाशिकच्या जाणकारांना. पुण्या-मुंबईकडचेही बघतील. म्हणू देत, "ढुंढिराज संपले हो!" माझा तमाशा दीडशे लोकांत झाला होता, यांचा दीड लाखांत होईल. अशी जिरवते की बस.

जेवण फार छान लागलं आज. वांग्याचं भरीत केलं होतं, दोनदा घेतलं.

१० सप्टेंबर, बुधवार

डोकं फिरलंय.

सहा भाग गेले. एक, एकही माणूस काही बोलत नाही! उलट कौतुकाचा पूर. कुणी लिहितं, 'सम येण्याआधी श्वास अडकतो.' कुणी लिहितं, 'वडिलांनी हात धरल्यासारखं वाटलं, रडलो.' मालेगावच्या एका मागवाल्याने लिहिलंय की मागाच्या खडखडाटात कान कामाचे नाहीत, पण हा तबला त्याला कळला. अथर्व तर नाचतोय. "ताई, चौथ्या भागापासून लोक शेवटपर्यंत थांबायला लागलेत. काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही, जरा ठहराव दिला." म्हणे सगळ्याच मालिकांत द्या!

चूक माझी. मी तबलजीच्या डोक्याने विचार केला. सम मागे पडली की जगाला ठेच लागेल, असं आमच्यासारख्यांनाच वाटतं. ज्याने कधी मात्रा मोजलीच नाही, त्याला तो उशीर गोड लागतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कुणी थांबलं की आपण दाराकडे बघतो, तसं.

आणि जाणकार? तो शेखर, माझ्या जागी बसलेला. त्याने लिहिलंय, 'गुरुजींचा हात म्हणजे सोनं.' गाढवाने फोन गाडीत समोर अडकवून बघितलं असणार. हातात धरलाच नसेल.

दहा मिनिटं पॅडवर नुसत्या थपडा मारत बसले.

१७ सप्टेंबर, बुधवार

श्यामलावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "वल्लरी, तुमचे ते भाग बाबा रोज बघतात हो. यंत्रं काढून ठेवतात आणि फोन हातात घेऊन बसतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा आणतात. मला म्हणाले, माझा हात मागे पडतोय, तुम्हाला कुणाला कळत नाहीये. आता सकाळी चार चार तास रियाज करतात. या वयात! सांधे सुजलेत. तुम्ही सांगा ना त्यांना जरा."

मी म्हटलं, "बघते."

फोन ठेवला आणि सगळं अंग गरम झालं. त्यांना कळलं. अख्ख्या दुनियेत एका माणसाला कळलं, आणि तो नेमका तोच. मी उगाच दीड लाखांच्या मागे लागले होते. मला एकच प्रेक्षक हवा होता, आणि तो रोज माझं काम हातात घेऊन बसतो. अजून सातवा भाग यायचाय, ढुंढिराज. सत्तरचा. तो घ्या आणि मग मुलाबाळांची चौकशी करा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सातवा भाग शुक्रवारी गेला. आज कळलं की ढुंढिराजांनी कोजागरीचं स्वतःचं वादन रद्द केलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. कारण तब्येत.

ऑफिसात जिलबी वाटली. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगितलं, माझा एक जुना नवस फिटला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागरी झाली. त्यांच्या जागी शेखर वाजवायला बसला. ते खाली बसले होते, पहिल्या रांगेत, शाल पांघरून. मी मुद्दाम गेले होते बघायला. माझ्या वडिलांचं तेव्हाचं ते हसू मला यांच्या तोंडावर बघायचं होतं.

लोक वाहवा करत होते. ते दोन्ही हात शालीच्या आत घेऊन बसले होते. एकदाही बाहेर काढले नाहीत. टाळीलासुद्धा.

दुधाचा ग्लास तसाच ठेवून परत आले. साखर फार होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

श्यामलावहिनी स्वतः ऑफिसात आल्या. गुरुजींनी क्लास बंद केला. चौदा पोरं शिकत होती, सगळ्यांच्या आईवडिलांना बोलावून सांगितलं, "मी आता चुकीचं शिकवेन. पोरांच्या हातात माझी चूक जायला नको." तबला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकून दिला.

"मला या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "जेवताना ताटावर बोटं, पेपर वाचताना टेबलावर बोटं. इतकी चिडायचे मी! आता घर कसं गप्प झालंय. बोटं आवरून बसतात हो ते. एखाद्या पोराला दटावून बसवावं तशी."

मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, वय झालं की असं होतं. हे वाक्य माझ्या तोंडून आलं. मीच बोलले.

त्या गेल्यावर बिघडवलेले सहाही भाग उघडले आणि सम जिथे होती तिथे आणून ठेवली. अथर्व भडकला, म्हणाला, लोक थांबत होते ते याच्यासाठीच! म्हटलं, मला काढून टाक हवं तर.

याचा अर्थ मी माफ केलं असा नाही. हिशेब चुकता झालाय, म्हणून आवरून ठेवलं, एवढंच. मनाचा वगैरे संबंध नाही. पित्त मात्र फार झालंय. चार दिवस धड जेवण जात नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

गुरुजी ते भाग आता बघतच नाहीत म्हणे. फोन हातात घ्यायला तयार नाहीत.

विचार करतेय. त्यांना वाटतंय की हे वयाने केलं. म्हणजे माझं नाव कुठेच नाही. ज्याला आपण पाडलं, त्याला कुणी पाडलं हेच माहीत नसेल तर तो कसला बदला? नाही, हे सांगितलंच पाहिजे. तोंडावर. 'मी केलं, त्या दिवसासाठी केलं,' असं. त्यांना राग येऊ दे. मला शिव्या घालू देत. मग माळ्यावरून तबला खाली काढू देत, माझ्या नाकावर टिच्चून वाजवू देत. वाजवू देत ना!

दिवाळी होऊन जाऊ दे. मग जाते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जाऊन आले.

ते खिडकीपाशी बसले होते. समोर फराळाचं ताट होतं, तसंच्या तसं. मी फार पुढे-मागे केलं नाही. कानांतली यंत्रं आहेत ना बघितलं आणि मोठ्याने सांगितलं, "गुरुजी, तुमचा हात मागे पडलेला नाही. मी सम सरकवली. मुद्दाम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "ये, बस."

"बसायला आलेले नाही. ऐका. दुसऱ्या भागापासून मी सम मागे नेली. वीस, तीस, असं करत सत्तरपर्यंत. तुमचा ठोका चकतीत बरोबर होता. मी बिघडवला."

"कशाला बिघडवशील तू?"

मग मी सगळं सांगितलं. गुरुपौर्णिमा, माइक, पोळ्या, हसणारं सभागृह, वडील. सांगताना आवाज चढला, शेवटी शेवटी मी किंचाळत होते. श्यामलावहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी आठवून बघितलं. मग म्हणाले, "असं बोललो मी?"

"बोललात."

"बोललो असेन. मी तेव्हा कुणालाही काहीही बोलायचो." मान हलवली त्यांनी. "वाईट बोललो, बाळ. आणि एवढं मनात असून तू आज माझी समजूत काढायला आलीस."

"समजूत नाही काढत आहे!" मी ओरडले. "मी खरंच केलंय!"

"श्यामलाने पाठवलं ना तुला? शेखरही आला होता. तो म्हणाला, गुरुजी, फोनच खराब आहेत. तू तर सगळं स्वतःच्याच अंगावर घेतेस. पहिल्यापासून अशीच आहेस तू. कुणाचं मन मोडायचं नाही."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन फोन नेले होते. म्हटलं, पुरावा देते. एकात सातवा भाग, बिघडवलेला. दुसऱ्यात तोच भाग, चकतीतून आला तसा. आधी एक, मग दुसरा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी यंत्रं काढली, डोळे मिटले. पहिल्या फोनला मान हलवली, हो, मागे आहे. दुसरा धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तीन आवर्तनं गेली.

डोळे उघडून म्हणाले, "हीही मागेच आहे."

मी फोन ओढून घेतला. स्वतःच्या हातात धरला. सम बरोबर जागेवर होती. केसभरही इकडे-तिकडे नव्हती. पुन्हा त्यांच्या हातात दिला. "नीट बघा ना, गुरुजी! नीट बघा!" यंत्रं टेबलावर होती, त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी फोन हळूच माझ्याकडे सरकवला, गरम वाटी सरकवावी तसा.

मग मी त्यांच्या पायाशी बसले. नमस्कारासाठी नाही. त्यांना नमस्कारच वाटला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी आशीर्वाद पुटपुटले आणि हात तिथेच राहिला. बाहेर बघत बसले.

थोड्या वेळाने बोटं हलली.

त्यांना माहीत नव्हतं. ते खाली खेळणाऱ्या पोरांकडे बघत होते. बोटं माझ्या पाठीवर तीनताल वाजवत होती, अगदी हलका. मी श्वास धरला. सोळा मात्रा गेल्या आणि सम आली. जिथे यायला हवी तिथेच आली. दुसरं आवर्तन. पुन्हा आली. वहिनी दारातून बघत होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला.

तिसऱ्या समेला माझ्याने राहवलं नाही. मी वळून त्यांचा हात धरला आणि ओरडले, "ही बघा! ही आली! आत्ता बरोबर आली!"

त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. लाजल्यासारखा तो हात ओढून घेतला, दुसऱ्या हाताखाली मांडीवर दाबून ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मी गप्प बसले असते तर ते अजून वाजवत राहिले असते.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. पाठीवर ती जागा अजून कळते आहे.